खोडदची दुर्बीण आणि खालाची डोकेदुखी

नारायणगावहून खोडदकडे वळलात की द्राक्षाच्या आणि उसाच्या रानात मध्येच पांढरट लोखंडी छत्र्या दिसू लागतात. एकेका छत्रीचा व्यास ४५ मीटर. अशा एकूण तीस. चौदा खोडदजवळ एका चौरस किलोमीटरच्या आसपास दाटीने उभ्या आहेत, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फांद्यांवर सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात विखुरल्या आहेत. ही जीएमआरटी, म्हणजे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. आमच्याकडे तिला नुसते ‘दुर्बीण’ म्हणतात, आणि तिच्याबद्दल प्रत्येक शाळकरी पोराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तिथे गेले की मोबाईल बंद करावा लागतो.

माझी खाला जुन्नरला राहते. तिच्याही घरात शिरताना मोबाईल बंद करावा अशी तिची अनेक वर्षांची मागणी आहे. दुर्बिणीचे म्हणणे सरकारने ऐकले, कागदावर आणले. खालाचे आम्ही घरच्यांनीही ऐकले नाही. या दोन संवेदनशील डोक्यांचा इतिहास एकाच तालुक्यात घडला, म्हणून आज दोन्ही एकत्र लिहायला घेतले आहेत.

आधी दुर्बिणीची गोष्ट. जुन्नर हे तसे जुने नाक्याचे गाव. नाणेघाटातून कोकणात उतरणारा सातवाहनांचा व्यापारी रस्ता इथलाच. अहमदनगर शहर वसण्यापूर्वी निजामशाहीची पहिली गादी इथे होती, आणि हापूसबागेतला सौदागर घुमट अजून त्या वैभवाची साक्ष देत उभा आहे. विसाव्या शतकात मात्र या खोऱ्याची किंमत वेगळ्याच कारणाने ठरली. इथे शांतता होती. कानाला ऐकू येणारी नव्हे (नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाईंचे गाव, तिथे कसली शांतता!) तर रेडिओ लहरींची शांतता. मुंबई-पुण्याच्या गोंगाटापासून डोंगरांनी आडोसा दिलेला मुलूख. १९७१ साली नारायणगावजवळच्या आर्वी गावात देशाचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले, पुढे विक्रम साराभाईंचे नाव मिळालेले. परदेशी फोन या आमच्या शेतांवरून आकाशात जाऊ लागले. त्यानंतर गोविंद स्वरूप आले. कल्याणजवळ आणि मग उटीला रेडिओ दुर्बिणी उभारून झालेला हा माणूस मीटर तरंगलांबीच्या लहरी ऐकण्यासाठी जगातली सर्वांत मोठी यंत्रणा बांधायची म्हणून जागा शोधत होता. लोखंडी पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरून त्यांनी या प्रचंड छत्र्या स्वस्तात उभ्या केल्या. नव्वदच्या दशकात काम चालले, आणि ऑक्टोबर २००१ मध्ये रतन टाटांच्या हस्ते ती जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली झाली.

ही दुर्बीण काय ऐकते? अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या हायड्रोजनच्या लहरी, स्पंदकांचे ठोके, दीर्घिकांची कुजबुज. हे संकेत इतके क्षीण असतात की शास्त्रज्ञ नेहमी एक उदाहरण देतात: चंद्रावर एक साधा मोबाईल चालू करून ठेवला तर रेडिओ आकाशात तो सर्वांत तेजस्वी वस्तूंपैकी एक ठरेल. मग जवळच्या मोटारसायकलच्या प्लगची ठिणगी, वेल्डिंग, विजेच्या तारेवरचा सैल जोड, हे सगळे तिच्यासाठी ढोलताशेच. म्हणून दुर्बिणीभोवती सुमारे तीस किलोमीटरच्या टापूत उद्योगांवर बंधने आली. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा मोठा भाग त्यात येतो. इथे मोठी औद्योगिक वसाहत का नाही, पोरे चाकणला का जातात, या प्रश्नाच्या उत्तरात दुर्बिणीचे नाव हमखास निघते. अगदी अलीकडे पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मार्गही तिच्यापायी अडला. मंचर, नारायणगाव, संगमनेर असा सरळ जाणारा आराखडा तयार होता. विजेच्या गाडीच्या वरच्या तारेला घासणाऱ्या सांगाड्यातून ठिणग्या उडतात, त्या दुर्बिणीला चालणार नाहीत. २०२५ मध्ये रेल्वेने हा मार्ग सोडून अहिल्यानगर-शिर्डीकडून वळसा घालायचे जाहीर केले, तेव्हा आमच्या दोन्ही तालुक्यांत निषेधाच्या सभा झाल्या. त्या सभांतला राग मला कळतो. तरीही मी दुर्बिणीच्या बाजूचा आहे, हेही सांगून टाकतो.

आता खाला.

२००८च्या सुमारास तिच्या गल्लीत, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर आला. घरमालकाला महिन्याचे भाडे, गल्लीला ‘फुल रेंज’. काही महिन्यांत खालाचे डोके दुखू लागले. कानात घूं घूं, मळमळ, रात्रभर झोप नाही. “सर में मख्ख्यां भणभणतीं,” ती म्हणायची. डॉक्टर झाले, चष्मा बदलून झाला, रक्ततपासण्या झाल्या, एका मौलानांकडून दमही करून आणला. कशातच काही निघेना. त्याच काळात वर्तमानपत्रांतून टॉवरच्या विरोधात रोज काहीतरी छापून येत होते. आयआयटी मुंबईच्या प्रा. गिरीश कुमार यांचा डिसेंबर २०१०चा अहवाल गाजत होता. मलबार हिलला सह्याद्री अतिथिगृहावरच्या टॉवरांविरुद्ध जुही चावला बोलत होत्या. कोणीतरी खालाला ती कात्रणे वाचून दाखवली आणि तिला तिच्या दुखण्याचे नाव सापडले. घरात मात्र तिला दुसरेच नाव मिळाले: वहमी.

हे दुखणे जुन्नरच्या एका गल्लीत जन्मले नाही, त्याला मोठा इतिहास आहे. अमेरिकेतले जॉर्ज बिअर्ड नावाचे डॉक्टर एकोणिसाव्या शतकात थकवा, डोकेदुखी, निद्रानाश यांच्या गाठोड्याला ‘न्यूरास्थेनिया’ म्हणत. १८८१च्या पुस्तकात त्यांनी कारणे दिली ती वाफेची शक्ती, तारायंत्र, वर्तमानपत्रे, विज्ञान आणि (हे विसरू नका) बायकांची बौद्धिक धडपड. म्हणजे नवे यंत्र आले की त्याच्यासोबत नवे दुखणे येते, आणि त्या दुखण्यात बाईला सर्वांत आधी दोषी धरले जाते. १९५०च्या दशकात शिकागोचे थेरॉन रँडॉल्फ सांगू लागले की काही माणसांना रंग, इंधन, सुगंध यांच्या अगदी थोड्या मात्रेचाही त्रास होतो. त्यांच्या व्यवसायबंधूंनी ते फारसे मानले नाही. १९८०च्या दशकात स्वीडन-नॉर्वेत संगणकाच्या पडद्यासमोर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचे चेहरे भाजल्यासारखे होऊ लागले, आणि तिथून विजेच्या क्षेत्राला संवेदनशील असलेल्या माणसांची चळवळ सुरू झाली. २००२ मध्ये तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या महासंचालक ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांनीच सांगितले की जवळ मोबाईल असला की त्यांचे डोके दुखते. त्या नॉर्वेच्या माजी पंतप्रधान आणि स्वतः डॉक्टर. त्यांना वहमी म्हणायची हिंमत फार थोड्यांना झाली असेल.

त्यांच्याच संघटनेने २००४ मध्ये प्राग इथे तज्ज्ञांना बोलावले आणि डिसेंबर २००५ मध्ये एक पत्रक काढले. त्यात दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही बाजूचे लोक आपल्या सोयीची एकच वाचतात. पहिली: या लोकांचा त्रास खरा आहे आणि तो माणसाला पंगू करण्याइतका तीव्र असू शकतो. दुसरी: हा त्रास विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे होतो याला शास्त्रीय आधार नाही. दुसऱ्या वाक्यामागे प्रयोग होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या जेम्स रुबिन आणि सहकाऱ्यांनी अशा प्रयोगांचा आढावा घेतला, ज्यांत लहरी चालू आहेत की बंद हे रुग्णालाही माहीत नसते आणि तपासणाऱ्यालाही. २००५ मध्ये ३१ प्रयोग आणि ७२५ माणसे, २०१०च्या आढाव्यापर्यंत ४६ प्रयोग आणि १,१७५ माणसे. लहरी चालू आहेत की बंद हे या माणसांना खात्रीने ओळखता येते, असा भक्कम पुरावा मिळाला नाही. उलट यंत्र बंद असतानाही, ते चालू आहे असे वाटले की त्रास होत होता. त्रास नाटकी नव्हता, एवढे मात्र त्यातून दिसले.

हे वाचून मी शहाणा झालो आणि एक वाईट काम केले. उन्हाळ्याच्या सुटीत पंधरा दिवस खालाकडे राहिलो. मोबाईल बंद करून कपाटात ठेवतो असे तिला सांगितले, आणि एक दिवसाआड तो चालू ठेवला. संध्याकाळी तिला विचारायचे, आज कसे वाटले? उत्तरे वहीत टिपायची. पंधरा दिवसांनी पाहिले तर माझ्या मोबाईलचा आणि तिच्या दुखण्याचा काहीच मेळ नव्हता. मी विजयी मुद्रेने वही तिच्यासमोर ठेवली. ती काही बोलली नाही. उठून आत गेली. संध्याकाळी अम्मीचा पुण्याहून फोन आला की तू तिला चोरासारखे तपासलेस का.

वही मात्र मी ठेवली होती, आणि खरे तर तिच्यातच दुसरे काहीतरी दिसत होते. खालाचे वाईट दिवस सरसकट नव्हते, ठरावीक होते. ती भारनियमनाची वर्षे. जुन्नरला वीज जायची ती वेळापत्रकाप्रमाणे, आणि वेळापत्रक दर काही दिवसांनी बदलायचे. वही आणि वेळापत्रक शेजारी ठेवले, तर रात्री वीज गेली की दुसऱ्या दिवशी खाला आडवी, असे जवळपास प्रत्येक वेळी होते. वीज असली काय, नसली काय, टॉवरच्या लहरी चालूच राहायच्या. बदलत होता तो टॉवरचा डिझेल जनरेटर. तो खालाच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून, बोळात बसवला होता. त्याची घरघर भिंतीतून पलंगात यायची आणि धूर झरोक्यातून.

गल्लीतल्या बाकीच्यांनाही तो आवाज यायचाच, पण त्यांच्या खोल्या पलीकडे होत्या. त्या काळी हे देशभर चालले होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०११च्या शिफारशींत देशातले टॉवर वर्षाला सुमारे २०० कोटी लिटर डिझेल जाळतात असा आकडा आहे. जनरेटरच्या आवाजाला मर्यादा आहे, एक मीटरवर ७५ डेसिबल. रहिवासी भागात रात्रीचा आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये असा २०००चा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे. डिझेलचा धूर आणि रात्रीचा आवाज यांनी माणूस आजारी पडतो, याला कोणत्याही विज्ञानात वाद नाही. म्हणजे खालाने कारण चुकीचे धरले होते आणि जागा बरोबर दाखवली होती. आम्ही तिचे कारण खोडण्यात इतके रमलो की तिच्या बोटाच्या दिशेने कोणी पाहिलेच नाही.

तक्रार अर्थात लहरींचीच गेली होती. एक माणूस मीटर घेऊन आला, गच्चीवर आणि खालाच्या अंगणात मोजमाप केले आणि ‘मर्यादेच्या आत’ असा कागद देऊन गेला. जनरेटरच्या बाजूने तो दोनदा गेला असेल. तो चूक वागला असे मी म्हणत नाही, त्याला तेवढेच विचारले होते. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणली. २०१७ पासून ‘तरंग संचार’ हे सरकारी संकेतस्थळ आहे, त्यावर चार हजार रुपये भरून आपल्या घराजवळचे मोजमाप मागता येते. चांगली सोय आहे. पण तिथला प्रश्न टॉवर नियमात आहे का, एवढाच असतो. या बाईला इथे नीट झोपता यावे म्हणून काय करावे लागेल, हा प्रश्न कोणत्याच अर्जाच्या रकान्यात बसत नाही.

तो प्रश्न विचारणारा कायदा वेगळा आहे. १९९५च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात एकवीस झाले. लहरी, धूर, वास यांची असह्यता त्यात नाही. पण या कायद्याची व्याख्या मला यादीपेक्षा महत्त्वाची वाटते. शरीरातली किंवा मनातली दीर्घकाळची उणीव आणि बाहेरचे अडथळे, या दोघांच्या भेटीतून माणूस इतरांच्या बरोबरीने जगण्यापासून अडतो, त्याला हा कायदा दिव्यांग म्हणतो. उणीव अमुक कारणाने झाली हे सिद्ध करा, असे ती व्याख्या म्हणत नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे लोकसेवा आयोगाचा एक उमेदवार होता. त्याच्या बोटांना लिहिताना पेटके यायचे. त्याची उणीव चाळीस टक्क्यांच्या प्रमाणपत्रात बसत नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितले की वाजवी सोयीचा हक्क त्या चाळीस टक्क्यांपुरता बांधलेला नाही. तो निकाल वाचताना मला बोटांच्या पेटक्यांऐवजी बोळातला जनरेटर दिसत होता.

बाहेरच्या देशांनी या वाटेवर थोडी पावले टाकली आहेत. अमेरिकेच्या अ‍ॅक्सेस बोर्डाने २००२ मध्ये म्हटले की रसायनांची किंवा विद्युतचुंबकीय लहरींची असह्यता एखाद्याचे जगणे फारच अडवत असेल, तर ती अपंगत्व धरता येईल. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या न्यायालयाने एका स्त्रीला अपंगत्वाचा भत्ता मंजूर केला. लहरी हेच कारण आहे असा कायदेशीर शिक्का मात्र त्याने मारला नाही. स्वीडनमध्ये अशा लोकांची संघटना अपंगांच्या संघटनांत बसते. आपल्याकडे हा विषय न्यायालयात गेला तो वेगळ्याच वाटेने. ५जी विरुद्धची जुही चावला यांची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये वीस लाखांचा दंड ठोठावून फेटाळली. पुढे दंड दोन लाखांवर आला. तंत्रज्ञानच थांबवा असे मागितले की असे होते. एका घराच्या भिंतीपासून एक यंत्र दहा हात सरकवा, ही मागणी घेऊन कोणी तिथवर जात नाही.

दुर्बिणीच्या शांततेत माणसांनी आसरा घेतल्याची एक गोष्ट अमेरिकेत आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक इथल्या रेडिओ दुर्बिणीसाठी १९५८ मध्ये सुमारे १३,००० चौरस मैलांचा शांत पट्टा ठरवला गेला. पुढे लहरींचा त्रास होतो म्हणणारे लोक दूरदूरहून तिथे राहायला आले. स्थानिकांशी त्यांचे खटके उडाले, दुकानातले दिवे बदला, चर्चमधला वायफाय बंद करा यावरून. शांतता दुर्बिणीच्या नावावर होती, ते फक्त तिच्या सावलीत बसले होते. मी हे खालाला सांगितले तेव्हा ती म्हणाली, मग आपण खोडदला जागा घेऊ. पण खोडदला तसे काही नाही. गावात सगळ्यांकडे मोबाईल आहेत, बंदी दुर्बिणीच्या आवारात आहे.

आणि शांततेची दुसरी बाजूही याच मुलखात आहे. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वर, भीमाशंकरच्या अंगाला महादेव कोळी वस्त्या आहेत. ३० जुलै २०१४च्या सकाळी तिथले माळीण गाव डोंगराखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. जगाला ते पहिल्यांदा कळले ते एका एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीच्या फेरीला आला तर गावच जागेवर नव्हते. लहरी नसणे हा आमच्या डोंगराळ भागासाठी दागिना नाही. म्हणून टॉवर हटवा म्हणणाऱ्यांच्या सभेला मी जात नाही. खालाही आता जात नाही.

तिचा जनरेटर तक्रारीने हलला नाही. वीज सुधारली, भारनियमन कमी झाले, तो आपोआप गप्प बसला, आणि एके दिवशी टेम्पोत घालून कोणीतरी घेऊन गेले. तिचे निम्मे दुखणे त्याच्यासोबत गेले. निम्मे राहिले. टोमॅटोवर फवारणी चालू असली की ती नारायणगावच्या नातेवाइकांकडे जात नाही. फिनेल, अगरबत्ती, नवा रंग, काहीही सोसत नाही. अत्तर तर नाहीच. लग्नात कोणी तिच्या मनगटाला अत्तर लावायला आले की ती हात मागे घेई आणि यजमान रुसत. आता आमच्या घरात एक अलिखित नियम आहे: ईदच्या दिवशी खालाकडे सर्वांत आधी जायचे, इत्र लावण्याआधी. कोणत्या रसायनाने तिला काय होते, हे कोणी सिद्ध केलेले नाही. कोणी विचारतही नाही. मोबाईलबद्दलचे तिचे मत बदललेले नाही, आणि मी पुन्हा वही काढलेली नाही.

काही वर्षांपूर्वी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला मी तिला खोडदला घेऊन गेलो. शाळांच्या गाड्यांची रांग होती. उसाचा रस पिऊन झाला. प्रवेशापाशी एका स्वयंसेवक मुलाने माझ्या हातातल्या मोबाईलकडे बोट करून म्हटले, “काका, फोन पूर्ण बंद करा, सायलेंट नाही.” मी लगेच केला. खाला बघत होती.

“मैं इत्ते बरस से बोलतूं,” ती म्हणाली, “इस बच्चे का एक बार में सुना.”

मग ती पुढे गेली आणि छत्रीखाली उभ्या असलेल्या मुलीला विचारू लागली की पावसात हिला गंज लागत नाही का.